कणकेचा हात

बाळांनो,

मागच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे तुम्हांला फोनवर सांगितलंच आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. टेबलावर घेण्याआधी एका नर्सने माझ्या उजव्या भुवईच्या वर निळ्या शाईने बाण काढला आणि विचारलं, "आजी, कुठला डोळा?" मी सांगितलं. थोड्या वेळाने दुसरी आली, तिनेही तेच विचारलं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं आणि माझं उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाई कुरकुरल्या, "एवढा बाण काढलाय, तरी विचारतातच." मला मात्र त्या विचारण्याने बरं वाटलं.

त्याच आठवड्यात तुमच्यातली धाकटी तिकडून फोनवर बोलली. तिच्या कामात संगणकाच्या पडद्यावर शरीराच्या आतलं चित्र पाहत सर्जन ऑपरेशन करतात, आणि त्यासाठी सगळ्यांनी एकच शब्द वापरावेत म्हणून बैठका चालल्या आहेत, असं तिने सांगितलं. "आजी, एकाच गोष्टीला प्रत्येकाचं वेगळं नाव. नुसते शब्द ठरवण्यात दिवस जातो. कंटाळा आलाय." मी फोन ठेवला. असा एक दिवस मी अकोल्यात काढला आहे. त्याबद्दल तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. सध्या दिसतं आहे चांगलं, तोवर लिहून ठेवते.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. वऱ्हाड नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि कचेऱ्यांतल्या पाट्या बदलत होत्या. मी विज्ञानाची पदवी घेऊन एक्स-रेचं शिक्षण घेतलं होतं आणि अकोल्याच्या एका दवाखान्यात मला नोकरी लागली होती. तुमचे आजोबा अमरावतीला कॉलेजात शिकवत. त्यांची बदली होण्यासारखी नव्हती, माझी होत नव्हती. तुमची आई चार वर्षांची होती. ती राजापेठेतल्या घरी माझ्या सासूबाईंजवळ राहिली, कारण मी दिवसभर दवाखान्यात असताना अकोल्यात तिला पाहणारं कोणी नव्हतं. मी एक शनिवार सोडून एक शनिवार घरी जायची. अकोल्याहून बडनेरा, तिथे गाडी बदलून अमरावती. तुमची आई सासूबाईंना 'आई' म्हणू लागली होती. मला ती 'अकोल्याची आई' म्हणायची. तिच्या मनात त्यात काही नव्हतं. दोन माणसं वेगळी ओळखू यावीत एवढाच तिचा हेतू होता. सगळे हसायचे, मीही हसायची.

दवाखान्याच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची एक चाळ होती. त्यातली शेवटची खोली माझी. संध्याकाळी मी परत येई, स्टोव्हवर एका माणसाचा भात टाकी, आणि मग काही करायला उरत नसे. पुस्तकं होती, पण दिवसभर अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्यावर डोळे पुस्तकाला तयार नसत. त्या वेळात मला सोबत होती ती भिंतीपलीकडच्या शिवणाच्या मशीनची. माझ्या शेजारच्या खोलीत आमच्या दवाखान्यातला ड्रेसर, म्हणजे जखमा बांधणारा कर्मचारी, आणि त्याची बायको राहत. ती हाताचं मशीन चालवी. ब्लाउज, परकर, पोरांच्या चड्ड्या, दवाखान्याच्या गाद्यांचे अभ्रे, सगळं शिवायची. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने कापड सरकवायचं. तो आवाज सुरू झाला की मी दिवा लावी. तो थांबला की झोपे.

मी तिला वहिनी म्हणायची, ती मला बाई. तिला माझ्या एकटेपणाचं आश्चर्य वाटे आणि ती ते लपवत नसे. "बाई, तुमी भातच कावून खाता रोज? माह्या घरी भाकर होऊन राहिली, दोन टाकू का तुमच्यासाठी?" मी नको म्हटलं तरी ती टाकायची. तिच्या घरच्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तिच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यासमोर रोज एक मेणबत्ती लागायची.

एका सोमवारी मी अमरावतीहून परतले तर भिंत गप्प होती. संध्याकाळीही गप्पच. मी दार वाजवलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत बांधलेला होता.

"सुई मोडली बाई, हातात," ती म्हणाली. "गादीच्या अभ्र्यात टोचून ठेवली आणि इसरली. उठाले हात टेकवला अन् अर्धी आत. साहेबानं शोधली परवा. भेटली नाई. पाव्हणी हाये का काय, फिरून राहिली आतल्या आत."

ती हसली, पण तिचा नवरा हसला नाही. तो म्हणाला, "साहेब म्हणतात, सूज उतरली की अजून एकदा पाहू. पन मोठा चिरा द्यावा लागीन. मंग मूठ मिटीन का नाई, सांगता येत नाई."

मूठ मिटली नाही तर चाक फिरणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. मशीन विकायचं आणि तिला काही दिवस तिवशाला भावाकडे पाठवायचं, असं त्याने मनात धरलेलं दिसत होतं. तिने एकदाच मशीनकडे पाहिलं. त्यावर तिने फडकं घातलं होतं. मी माझ्या खोलीत आले. त्या रात्रीसारखी शांतता मला त्या चाळीत पूर्वी जाणवली नव्हती. तिचा हात वाचावा असं मला वाटत होतं, आणि तो आवाज परत यावा असंही. दोन्ही वेगळं करून सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या हाताची शनिवारची एक्स-रे प्लेट काढली. ती माझ्या वरिष्ठांनी घेतली होती आणि उत्तम आली होती. सुईचा तुकडा स्पष्ट दिसत होता, मधल्या बोटाच्या हाडाच्या उजवीकडे. तसाच निरोप ऑपरेशन थिएटरात साहेबांकडे, म्हणजे आमच्या सर्जनकडे, गेला होता: "मधल्या बोटाच्या हाडाच्या उजवीकडे." प्लेटवर शिशाचं अक्षरही होतं, हा उजवा हात आहे हे सांगणारं. कुठेच काही चुकलेलं नव्हतं.

मी नकळत माझा उजवा हात प्लेटवर ठेवला. हात आपण टेबलावर ठेवतो तसा, पालथा. आमच्याकडे हाताची प्लेट नेहमी तशीच घेत, कारण पालथा हात स्थिर राहतो. माझी करंगळी उजवीकडे आली. म्हणजे सुई करंगळीच्या अंगाला होती. मग मी हात उताणा केला, ऑपरेशनच्या वेळी ठेवतात तसा. आता उजवीकडे अंगठा आला.

साहेबांनी सुई उजवीकडेच शोधली होती. फक्त त्यांची उजवी बाजू अंगठ्याची होती.

छातीच्या फोटोत असं होत नसे, कारण तिथे सगळ्यांना एक रीत ठाऊक होती. हातापायांच्या बाबतीत मात्र ज्याची त्याची रीत. प्लेट घेणारा पालथं बघे, कापणारा उताणं बघे, आणि मधे निरोप नेणारा दाराकडे तोंड करून बोले. त्यात भाषांची भर. साहेब पुण्याकडचे, पुस्तकातलं इंग्रजी बोलणारे. थिएटरच्या सिस्टर केरळच्या, त्या हिंदीत बोलत आणि रागावल्या की स्वतःच्या भाषेत. ड्रेसर वऱ्हाडी. माझे वरिष्ठ जबलपूरला शिकलेले. पाच माणसं एका हाताभोवती उभी आणि प्रत्येकाचं उजवं वेगळं.

दुपारच्या चहाच्या वेळी व्हरांड्यात मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, तुम्ही आता मला उजवं-डावं शिकवणार?"

"नाही साहेब. उजवं-डावं बंदच करू या म्हणते."

"शरीरातल्या दिशांना शब्द आहेत. पहिल्या वर्षाला शिकवतात. दीडशे वर्षांपूर्वी ठरलेत."

"ते तुम्हांला आणि मला माहीत आहेत. प्लेट धरून उभा राहतो त्याला नाहीत."

प्लेट धरून उभा राहणारा म्हणजे वहिनीचा नवरा. तो दाराशीच होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मले ते इंग्रजी नाई समजत साहेब. अंगठा समजते."

सिस्टर हसल्या. "अंगूठा तो सबको समझता है।"

साहेबांनी स्वतःचा हात समोर धरला, पालथा केला, उताणा केला, पुन्हा पालथा केला. मग म्हणाले, "प्लेट आणा."

तेवढ्यात त्यांना पटलं होतं, पण तेवढ्यावर सुरी उचलणारे ते नव्हते. "शब्द आज ठरवू," ते म्हणाले, "पण त्या शब्दांनी सुई सापडते हे आधी दाखवा. तिच्या हातावर नाही."

म्हणून कणकेचा हात आला. सिस्टरांनी फाटका रबरी हातमोजा दिला, तोही दोनदा "वापस चाहिए" असं बजावून. मी घरून कणीक भिजवून आणली. ड्रेसरने आधी ज्वारीचं पीठ आणलं होतं, पण ते मोज्याच्या बोटांत जाईना, तुटू लागलं. "जवारी भाकरीलेच बरी," तो म्हणाला. कणीक घट्ट भरली, बोटांत हाडांच्या जागी बाभळीच्या काड्या घातल्या, आणि साहेब पाठ करून उभे असताना मी आत एक सुई दडवली. मोज्यावर तळव्याच्या बाजूला चिकटपट्टीने तारेचं एक छोटं वळं चिकटवलं, म्हणजे प्लेटमध्ये सुईबरोबर तेही दिसेल आणि तिथून मोजता येईल. मग एक प्लेट वरून, एक कडेने.

उन्हाळा होता. अकोल्याच्या उन्हाळ्यात फिल्म धुण्याचं पाणी एवढं तापे की आम्ही कारखान्यातून बर्फाची लादी आणून टाकीभोवती ठेवत असू. त्या दिवशी बर्फ वितळून माझ्या चपलांखाली पाणी झालं होतं आणि मी अंधारात उभी राहून शब्द पाठ करत होते. अंगठ्याची बाजू, करंगळीची बाजू. तळव्याकडे, पाठीकडे. मनगटाकडे, बोटांकडे. वर, खाली, आत, बाहेर, पुढे, मागे, उजवं, डावं, यांतलं काहीही नाही.

साहेबांनी आणखी एक नियम घातला, तो माझा नव्हे. सांगणाऱ्याने एकदा सांगायचं, करणाऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे, आणि मगच हात चालवायचा. जो कोणी उजवं-डावं म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

कणकेतली सुई पहिल्याच टोचणीला लागली. दुसऱ्यांदा दडवलेली लागेना, तेव्हा साहेब वैतागून म्हणाले, "अहो, पण ही जरा उजवीकडे..." आणि थांबले. सिस्टरांनी शांतपणे कपांकडे बोट दाखवलं. साहेबांनी चहा पाजला. तिसऱ्यांदा सुई लागली.

वहिनीला ऑपरेशनसाठी भरती केलं त्या दिवशी मी बरोबर होते. दारावरच्या कारकुनाने जात विचारली. तिने "बौद्ध" सांगितलं. त्याने मान वर न करता जुनंच काहीतरी लिहायला घेतलं. तिने बांधलेला हात टेबलावर ठेवला. "जे सांगून राहिली ते लिवा, भाऊ. नाव माह्यं हाये." त्याने खोडून परत लिहिलं. थिएटरकडे जाताना ती मला म्हणाली, "हातावरबी लिवून टाका बाई, कोनती बाजू कोनती ते. म्हंजे साहेब भटकनार नाई."

तिला पूर्ण भूल दिली नव्हती. फक्त हात बधिर केला होता. तिच्या तळव्यावर मी वळं चिकटवलं, वरून एक आणि कडेने एक अशा दोन प्लेटा घेतल्या, धावत जाऊन धुतल्या आणि पाणी गळतं तशा घेऊन आले. तिच्या नवऱ्याने त्या उजेडाच्या काचेसमोर धरल्या. त्याच्या हातात त्या जराही हलल्या नाहीत.

मी म्हटलं, "वळ्यापासून करंगळीकडे एक बोट. मनगटाकडे अर्धं बोट. तळव्यापेक्षा पाठीकडे जास्त."

साहेब म्हणाले, "करंगळीकडे एक बोट. मनगटाकडे अर्धं. पाठीकडे जास्त."

आणि पडद्याच्या पलीकडून वहिनी म्हणाली, "करंगळीकडं. हो. तिथंच ठसठसते."

सिस्टर तिला गप्प करायला निघाल्या. साहेब म्हणाले, "बोलू द्या तिला. हात तिचा आहे."

इंग्रजी शब्द असते तर ती छताकडे पाहत पडून राहिली असती. त्यांनी चिमटा आत घातला, थांबले, म्हणाले, "अजून?" मी दुसरी प्लेट पाहून म्हटलं, "अजून मनगटाकडे." त्यांनी परत म्हटलं. तिनेही म्हटलं. तिघांचे शब्द एका जागी आले. स्टीलच्या ताटलीत काहीतरी पडल्याचा बारीक आवाज झाला. सुईचा तुकडा काळा पडला होता.

तिच्या नवऱ्याने प्लेटा खाली ठेवल्या आणि तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

जखम भरायला वेळ लागला. अंगठ्याशेजारचं बोट शेवटपर्यंत पूर्ण मिटलं नाही. आधीच्या शोधाशोधीत शिरेला धक्का लागला असावा, असं साहेब म्हणाले, आणि ते त्यांनी तिला स्वतः सांगितलं. पण मूठ चाकाभोवती बसत होती. एका संध्याकाळी मी भाताचं पातेलं उतरवत होते आणि भिंतीपलीकडे चाक फिरलं. थोडं फिरलं, थांबलं, परत फिरलं. पूर्वीसारखी एकसारखी चाल त्याला पुढेही आली नाही. थोड्या वेळाने ती दारात आली.

"ऐकू आलं का बाई?"

"आलं."

"मंग झोपा आता. तुमाले त्याच्याबिगर झोप येत नाई, मले ठावं हाये."

मी कधी तिला हे सांगितलं नव्हतं.

ती माझ्याकडून नुसते पैसे घेईना म्हणून मी तिला काम दिलं, असं मी स्वतःला म्हणत असे. खरं तर तिनेच मागून घेतलं. "तुमच्या पोरीसाठी फ्राक शिवतो. हात बसवाले काईतरी लहान पायजे. माप सांगा." मी उभी राहून माझ्या मांडीजवळ हात धरला, खांद्याची रुंदी बोटांनी दाखवली. तिने मापपट्टी लावली, दोनदा विचारलं, "पक्कं ना?" मी म्हटलं, पक्कं. मला तुमची आई डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होती.

पांढऱ्या कापडावर निळी बारीक फुलं. पुढच्या शनिवारी मी तो घेऊन अमरावतीला गेले. तुमच्या आईने हात वर केले, सासूबाईंनी फ्रॉक डोक्यावरून घातला, आणि तो खांद्यांवरच अडकला. सासूबाई काही वाईट हेतूने बोलल्या नाहीत. "अगं, ही आता एवढीशी आहे का? केव्हाच वाढली." तुमची आई फ्रॉकमध्ये अडकलेली हसत होती आणि म्हणत होती, "अकोल्याच्या आईला माहीतच नाही."

मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा फ्रॉक माझ्या पिशवीत होता. मी सांगितलेलं माप खरंच पक्कं होतं. फक्त ते मी अकोल्याला जायला निघाले त्या दिवशीच्या मुलीचं होतं.

वहिनीला मी सांगितलं की छान बसला. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला तिलेच घेऊन या. मी अंगावर माप घीन." पण तसं झालं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मला अमरावतीला बदली मिळाली आणि वर्षभराच्या आत तिच्या नवऱ्याची अकोटला झाली. नंतर आमची गाठ पडली नाही. साहेब साताऱ्याकडे गेले. त्यांच्या जागी आलेले सर्जन पुस्तकातले शब्द वापरत. त्यातही चूक काही नव्हतं. त्यानंतर काही वर्षांनी पुण्यामुंबईकडून ठरवलेले संस्कृत शब्द छापून आले. ते कपाटात राहिले.

राजापेठेतल्या घरी माणसं पुष्कळ होती. जेवायला दोन पंगती बसत. तरी संध्याकाळी दिवा लावताना मी क्षणभर थांबायची, आणि काही ऐकू यायचं नाही. तुमची आई शाळेत जाऊ लागली तरी मला 'अकोल्याची आई'च म्हणत राहिली. पुढे कधीतरी 'अकोल्याची' गळून पडलं. नेमकं कधी, ते मला आठवत नाही, आणि ते आठवायला हवं होतं असं वाटतं.

धाकटे, तुला कंटाळा येतो हे मला समजतं. शब्द ठरवताना कोणाचाच जीव वाचत असल्यासारखं वाटत नाही. आम्हांलाही त्या व्हरांड्यात वाटलं नव्हतं. तुमच्या बैठकीत बसलेल्या सगळ्यांना एकदा विचारून बघ, ज्याच्या अंगावर ते शब्द चालणार आहेत त्याला त्यांतले किती कळतात.

त्या सहा शब्दांतला एकही आता कुठल्या दवाखान्यात चालत असेल असं मला वाटत नाही. प्लेटा केव्हाच रद्दीत गेल्या. फ्रॉक माझ्या पेटीत आहे, कोणी कधी न घातलेला. डाव्या खांद्याची शिवण सुरुवातीला वाकडी गेली आहे. पुढचे टाके सरळ आहेत आणि अजून एकही उसवलेला नाही.